झोपाळ्याच्या तुळईवर वाळवीची स्वारी जाहली त्याची बखर

ज्याचे आकाश खांबांवाचून उभे आहे त्यास आधी दंडवत, आणि ज्यांची घरे खांबांवर उभी आहेत त्यांस खबरदारी. शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सरे, मार्गशीर्षापासून माघापर्यंत, एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव पुसाल तर सांगत नाही, कारण ते राज्य अद्याप चालू आहे आणि लिहिणारास तेथेच राहणे आहे. राज्य लहान, भोवती डोंगर, परचक्र कधी आले नाही, कारण आलेल्याने उचलून न्यावे ऐसे काही नव्हते, आणि प्रजा यास आपला पराक्रम समजत असे. गादीवर श्रीमंत रखमाजीराव महाराज होते. देह भरदार, स्वभाव गोड, भोजन उत्तम, आणि कोणाचे वाईट त्यांनी कधी चिंतिले नाही, कारण चिंतन करण्यास त्यांस सवड नसे. या राज्यात सिंहासन नव्हते, गादी होती ती झोपाळ्यावर. मूळ पुरुषांस एका जागी बसवेना, म्हणोन त्यांनी सदरेच्या मधल्या तुळईस पितळी कड्यांनी शिसवी पाट टांगिला, त्यावर गादी घातली, आणि तेव्हापासून न्याय, निवाडा, बक्षिसे, शिक्षा सर्व झोक्यावर होऊ लागले. रीत ऐशी होती की झोका पुढे आला असता अर्जदाराने बोलावे आणि मागे गेला असता गप्प राहावे. मागे जाताना कड्या करकरत, त्यामुळे महाराजांस ऐकू येत नसे, आणि जे ऐकू आले नाही ते बोललेच गेले नाही ऐसे समजावे. जाणती माणसे आपले मागणे पुढल्या झोक्यात मांडीत आणि आपला अपराध मागल्या झोक्यात कबूल करीत, आणि दोन्ही गोष्टी रीतसर होत.

आता या राज्यात एक कायदा होता तो सांगतो, म्हणजे पुढले समजेल. थोरले महाराज हयात असता रिकामटेकडे लोक सदरेवर येत आणि अमुक गळते, तमुक मोडले म्हणोन डोके उठवीत. तेव्हा थोरल्या महाराजांनी वैतागून हुकूम केला की जो दोष दाखवील त्यानेच तो निस्तरावा. हेतू चांगला होता. मग ज्याने छप्पर गळते म्हटले तो छपरावर चढला, ज्याने विहिरीत गाळ साचला म्हटले तो विहिरीत उतरला, आणि लोकांची तोंडे बंद जाहली, आणि तोंडामागोमाग डोळेही बंद जाहले, आणि थोड्याच काळात राज्यात कोठे काही दोषच राहिला नाही. इमारतखान्याचे दरोगे सुभानजीराव यांची नजर तर ऐशी तयार जाहली होती की पडकी भिंत समोर आली म्हणजे ती आपोआप आकाशाकडे वळे, आणि दरोगे म्हणत, "वा! आज काय निरभ्र आहे!" नरसोपंत दिवाण त्यांहून वरचढ. पंतांस सर्व दिसे, परंतु दिसल्याची खबर ते आपल्या चेहऱ्यास कधी लागू देत नसत. राज्य ऐशा माणसांच्या हाती सुखाने चालले होते.

महाराजांच्या राणी गोजराबाईसाहेब. यांचे माहेर घाटाखालच्या जंगलपट्टीतले, वडील लाकडाचे मोठे जाणते, आणि त्या घरची एक चाल होती की कोणाच्याही घरी गेले असता उंबऱ्यात थांबून आधी खांबावर बोटांची पेरे वाजवावी, खांब ठणठणीत बोलला तर आत जाऊन रामराम करावा, बद्द बोलला तर अंगणातच पाणी पिऊन परतावे. लग्न होऊन आल्या त्या दिवशी बाईसाहेबांनी माप ओलांडण्याआधी सदरेचा खांब वाजविला, तो खांब उत्तम बोलला, आणि त्या हसून आत आल्या. परंतु सासरच्या थोर बायकांनी नाके मुरडली. म्हणाल्या, "अगं बाई, आपल्याच घराचं दार कोणी ठोठावतं का?" मग बाईसाहेबांनी ती चाल सोडिली. सासुरवासात माणूस काय काय सोडते ते लिहू गेले तर निराळी बखर होईल, म्हणोन येथे थांबतो.

तर त्या मार्गशीर्षात ऐसे जाहले की बाईसाहेब मुदपाकखान्याच्या मागे काही पाहण्यास गेल्या, आणि तेथे सरपणाची रास वाड्याच्या भिंतीस टेकवून ठेविली होती, आणि न्हाणीघराची मोरी फुटून त्या राशीखाली बारमास ओल होती, आणि त्या ओलीतून एक बोटभर रुंदीची मातीची रेघ भिंतीवर चढली होती. बाईसाहेब त्या रेघेच्या मागे मागे चालल्या. रेघ कोनाड्यावरून सदरेत शिरली, सदरेच्या मुख्य खांबाशी आली, आणि खांबावर चढून थेट झोपाळ्याच्या तुळईस भिडली. खांबाखाली दगडी उथळे होते, त्यावर खांब जमिनीपासून हात दीड हात उंच उभा असे, परंतु दोन वर्षांमागे दरबारास गालिचा सपाट बसावा म्हणोन दरोग्यांनी माती टाकून जमीन उंच केली, त्यात उथळे गाडले गेले, आणि लाकूड मातीस लागले. वाळवीस याहून मोठे निमंत्रण कोणते द्यावे? बाईसाहेबांनी इकडेतिकडे पाहिले आणि कैक वर्षांनी पुन्हा खांबावर पेरे वाजविली. खांब बद्द बोलला. मग अंबाड्याचा आकडा काढून मातीची रेघ जरा खरवडिली, तो आत पांढरी वाळवी धावत होती, कोणी वर, कोणी खाली, सर्व कामात. त्याच वेळी पलीकडे महाराज भोजनोत्तर झोके घेत होते आणि कड्या करकरत होत्या.

त्यांनी तत्काळ दिवाणांस बोलाविले आणि म्हणाल्या, "पंत, हे बघा. वाळवी आहे. आतून सगळं पोखरलंय, वरून नुसता रंग उरलाय." पंतांनी रेघेकडे पाहिले, खांबाकडे पाहिले, मग बाईसाहेबांच्या पायांकडे पाहून बोलिले, "बाईसाहेब, मला तर माती दिसते. घर म्हटलं की माती आलीच." बाईसाहेब म्हणाल्या, "ही धावतेय ती माती?" पंत बोलिले, "आपल्याला धावताना दिसली का? मग कायदा आपल्याला ठाऊकच आहे." बाईसाहेब म्हणाल्या, "मी निस्तरते. पदर खोचून मी माती उपसते. फक्त तो झोपाळा उतरवायला माणसं द्या." तेव्हा पंतांनी कानांवर हात ठेविले. झोपाळा उतरविणे म्हणजे गादी उतरविणे, आणि महाराज जिवंत असता गादी उतरविणे म्हणजे बंड. बाईसाहेब संतापून म्हणाल्या, "पंत, आमचं कुंकू त्या तुळईला टांगलेलं आहे!" पंतांस खरोखर वाईट वाटले. त्यांनी मान खाली घातली आणि उपाध्यांस बोलावू पाठविले, कारण वाईट वाटले असता उपाध्यांस बोलावणे ही त्यांची रीत होती.

विसंभट राजोपाध्ये आले. त्यांनी खांब पाहिला, डोळे मिटले, उघडिले, आणि जाहीर केले की हे वारूळ आहे. सदरेत वारूळ उगवणे हे महाभाग्य, नागोबा स्वतः राज्याच्या रक्षणास आले, आता यास कोणी हात लावील तर कुळाचा क्षय. बाईसाहेबांनी आकड्याच्या टोकावर एक वाळवी धरून पुढे केली आणि पुसिले, "भटजी, हा नागोबा का?" विसंभट गांगरले नाहीत. बोलिले, "बाईसाहेब, हे पुढं आलेलं सैन्य. स्वारी मागाहून येते." मग खांबास हळदकुंकू वाहिले, लाह्या ठेविल्या, आणि नित्य सकाळी दूध व पाणी घालण्याचा परिपाठ पडला, आणि नगरातील बायका तांबे भरभरून येऊ लागल्या. वाळवीस ओल प्रिय असते हे लहान पोरासही ठाऊक, आणि येथे तीस ओल सोवळ्यात मिळू लागली. लिहिणाराने पुष्कळ सरदारांचे उत्कर्ष पाहिले, परंतु घर खात असता घरधन्याकडून दूध मिळविणारा सरदार हा एकच पाहिला. वारूळ दिसामासी वाढू लागले आणि विसंभट त्यास देवाचा कौल म्हणू लागले.

बाईसाहेबांनी महालात महाराजांपाशी गोष्ट काढिली. परंतु महालात राज्यकारभार बोलू नये ऐसी चाल, सबब महाराज घास घेता घेता प्रेमाने म्हणाले, "सदरेवर अर्ज करा ना. तुमचा अर्ज आम्ही ऐकणार नाही का?" मग दुसरे दिवशी बाईसाहेब सर्वांदेखत सदरेवर आल्या, आणि झोका पुढे आला तेव्हा म्हणाल्या, "तुळईला वाळवी लागलीय, पाहणी व्हावी." इतक्यात झोका मागे गेला. रीतीप्रमाणे गप्प राहावयाचे, परंतु बाईसाहेबांस राहवेना, आणि कड्यांच्या करकरीत त्या आणखीही काही बोलल्या. काय बोलल्या ते जवळच्या दोघातिघांनी ऐकिले, महाराजांनी नाही. झोका पुढे आला तो महाराज हसतमुख होते. आज्ञा जाहली की पाहणी करावी, थाटात करावी.

मग पाहणी निघाली. पुढे नगारा, मागे अब्दागीर, मध्ये सुभानजीराव दरोगे, त्यांच्या डाव्या अंगास विसंभट आणि उजव्या अंगास पंत. लाकूड ठोकून पाहण्याकरिता चंदनी काठी आणिली, आणि ठोकल्याने राजेश्री लाकडास इजा होईल म्हणोन काठीच्या टोकास कापूस लावून वर रेशमी गोंडा बांधिला. त्या गोंड्याने दरोग्यांनी खांब ठोकिला. खांब काहीच बोलला नाही. दरोगे म्हणाले, "पाहा, तक्रार नाही!" नगारा वाजला. मग ऐसे घडले की दरोगे मोठ्या ऐटीत खांबास टेकले आणि त्यांचा अंगठा खांबात गेला. जवळची बोटेही गेली. वर नव्या रंगाचा पापुद्रा आणि आत पोकळी, हात मनगटापर्यंत गेला. दुसऱ्या कोणी आरोळी मारिली असती, परंतु सुभानजीरावांनी आयुष्यभर केलेली तालीम कामास आली. त्यांनी डोळे मिटिले, चेहऱ्यावर भक्तिभाव आणिला, आणि सर्व पाहणी होईपर्यंत खांबात हात घालून तैसेच उभे राहिले. लोक म्हणाले, दरोग्यांची वारुळावर काय श्रद्धा! पंतांनी ते भोक पाहिले आणि अब्दागीर वाहणाऱ्यास मध्ये उभे केले. विसंभटांनी ते भोक पाहिले आणि त्यावर झेंडूचा हार घातला. शेवटी दरोग्यांनी हात ओढून काढिला, तो हात आला परंतु बोटातली शिक्क्याची अंगठी आतच राहिली, आणि अंगठी कोठे गेली हे पुसण्याची सोय नव्हती, कारण पुसेल त्यास भोक दिसले ऐसे होते. मग तिघांनी एकमुखाने सरकारात अर्ज केला की तुळई निर्दोष आहे, खांब निर्दोष आहे, आणि पुढली शंभर वर्षे काळजी नाही. महाराजांस समाधान वाटले. समाधान वाटले म्हणजे ते मोठा झोका घेत असत, तो त्यांनी घेतला, आणि वरून थोडा भुगा पगडीवर पडला. विसंभट म्हणाले, अंगारा.

बाईसाहेब त्या दिवशी महालात एकट्या बसून रडल्या. मग डोळे पुसून विचार करू लागल्या, आणि विचार करता करता त्यांस थोडे हसू आले, आणि हसू आल्यावर त्या उठून जेवल्या. रथसप्तमीचा दरबार भरला. महाराज झोपाळ्यावर, मानकरी दोहों बाजूंस, गालिचा सपाट. बाईसाहेब पुढे आल्या, झोका पुढे येऊ दिला, आणि गोड आवाजात म्हणाल्या, "ज्यांनी तुळई निर्दोष ठरवली त्यांचा मान अजून झाला नाही. शालजोडी तर कोणालाही मिळते. महाराजांनी एकेकाला जवळ गादीवर बसवावं, अर्धं आसन द्यावं, आणि एक मोठा झोका द्यावा." दरबारात वाहवा जाहली. अर्धासन म्हणजे या राज्यात सर्वांहून मोठा मान, पिढ्या गेल्या तरी कोणास मिळाला नव्हता, आणि तिघेही जन्मभर त्या पाटाकडे डोळे लावून बसले होते हे सर्वांस ठाऊक. महाराज हर्षाने सरकून बसले, पाटावर थाप मारिली, आणि म्हणाले, "या सुभानजीराव!" सुभानजीराव बोलिले, "महाराज, मी चाकर माणूस. माझी जागा जमिनीवर, आणि ती मला फार प्रिय आहे." महाराज म्हणाले, "मग भटजी या!" विसंभटांस तत्क्षणी स्मरण जाहले की रथसप्तमीस ब्राह्मणाने हालत्या आसनावर बसणे वर्ज्य. महाराज थोडे नवल करून म्हणाले, "पंत, तुम्ही तरी." पंतांनी गुडघा दुखतो म्हणावयास गुडघ्यास हात लाविला, परंतु सर्व दरबार पाहत होता. मग पंत आले, अर्धे बूड पाटावर टेकविले, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोविले, आणि डोळे वर तुळईकडे लाविले. ज्या डोळ्यांत आजवर कोणी काही पाहिले नव्हते त्यांत सर्व दरबाराने भय पाहिले. महाराजांनी पायाने रेटा दिला. वर तुळई बारीक कुरकुरली. पंत उडी मारून गालिच्यावर पडले आणि ओरडले, "दिसली! मला दिसली! वाळवी दिसली!"

तो शब्द निघताच सदरेवर एकच गोंधळ जाहला. दरोगे ओरडले, "मला आधी दिसली! माझी अंगठी आत आहे!" विसंभट ओरडले, "मी हार घातला तो भोकावरच घातला!" मानकरी, कारकून, चोपदार, नगारेवाला, सर्व म्हणू लागले की आम्हांस केव्हाचीच दिसली. कोणास खांबात, कोणास दारात, एकास तर पंतांच्या बैठकीखाली. राज्यात इतके डोळे होते हे प्रथमच कळले. महाराजांनी पाय जमिनीस टेकविला आणि झोपाळा थांबला. तो दरबारात थांबलेला कोणी पाहिला नव्हता. महाराजांनी वर पाहिले, भुगा त्यांच्या डोळ्यांत पडला, आणि ते डोळे चोळीत बसून राहिले. बाईसाहेब म्हणाल्या, "उतरा." महाराज म्हणाले, "भरल्या दरबारी उतरलो तर गादी मोकळी पडते. आजवर कोणी तसा जिवंतपणी उतरला नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "नाही उतरायचं? बरं." आणि पुढे होऊन पाटावर महाराजांशेजारी बसल्या, पदर सावरला, आणि म्हणाल्या, "मग मीही इथंच बसते. द्या झोका." वर तुळई पुन्हा कुरकुरली. महाराजांनी बाईसाहेबांकडे पाहिले, त्यांचा हात धरिला, आणि जो देह स्वतःच्या जिवासाठी हालत नव्हता तो एका उडीत गालिच्याबाहेर गेला, बाईसाहेबांसकट. मागे पाटास हिसका बसला, तुळई मध्ये मोडली, आणि गादी, पाट, कड्या सर्व खाली आले. आवाज मोठा जाहला नाही, कारण मोठा आवाज करण्याइतके लाकूड तुळईत उरले नव्हते. खांब फुटून अर्धा पडला आणि त्यातून दरोग्यांची अंगठी घरंगळत येऊन पंतांच्या पायाशी थांबली.

धूळ खाली बसली तेव्हा महाराज भिंतीस टेकून उभे होते आणि बाईसाहेबांचा हात सोडीत नव्हते. म्हणाले, "तुम्ही तुळईचं बोललात, पाहणीचं बोललात. पण तुम्हाला आमच्यासाठी इतकी धास्ती वाटत होती, हे एकदा तरी बोलायचं होतं." बाईसाहेब म्हणाल्या, "बोलले होते. सर्वांदेखत, सदरेवर बोलले होते. म्हटलं होतं, या घरात मला तुमच्यावाचून कोणी नाही, उतरा." महाराज म्हणाले, "आम्ही ऐकलं नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "झोका मागं गेला होता." महाराजांनी मोडक्या पाटाकडे पाहिले, आणि मग ते तेथेच जमिनीवर बसले, आणि दरबारही बसला.

पुढे कायद्याप्रमाणे, दोष पाहिला ऐसे ज्यांनी ज्यांनी ओरडून सांगितले त्या सर्वांस तो निस्तरणे आले. आजवर हा कायदा एकेकास पुरून उरला होता, आता सर्व दरबार एकदम सापडला. पंतांनी सरपणाची रास भिंतीपासून दूर नेऊन फळ्यांवर रचिली. विसंभटांनी फुटकी मोरी बांधिली आणि खांबास दूध घालणे बंद जाहले. दरोग्यांनी उंच केलेली माती उपसून उथळे पुन्हा उघडे केले. जुने लाकूड जेवढे बद्द बोलले तेवढे काढून जाळले, आणि नव्या तुळईस मानकऱ्यांनी आपल्या हातांनी बिब्ब्याचे तेल चोळिले. बिब्बा सर्वांच्या अंगावर उतला, हात सुजले, आणि त्या सणावारी कोणास कोणाच्या पाया पडता आले नाही, तरी राज्याचे काही अडले नाही. मग महाराजांनी थोरल्यांचा कायदा मोडून नवा केला, की जो इमारत निर्दोष म्हणेल त्याने सहकुटुंब तीखाली एक वर्ष राहावे. तेव्हापासून पाहणारांची नजर अति तीक्ष्ण जाहली आहे. गेल्या साली त्यांनी लोहाराच्या ऐरणीतही वाळवी असल्याचा संशय कळविला, आणि महाराजांनी तो अर्ज बाजूस ठेविला.

सारांश. वाळवीची स्वारी ओलीच्या वाटेने आली, मातीच्या वाटेने चढली, आणि दरबारच्या गप्प बसण्यावर वाढली. राज्य वाचले ते बाईसाहेबांमुळे. झोपाळा पुन्हा टांगिला नाही, गादी आता सदरेत दगडी ओट्यावर असते. नित्य सकाळी बाईसाहेब सदरेत येतात, सासरच्या थोर बायकांसमोर एकेक खांब पेरांनी वाजवितात, आणि महाराज ओट्यावरून पुसतात, "काय म्हणतो?" त्या सांगतात. बरे असेल ते सांगतात आणि वाईट असेल तेही सांगतात, आणि कधी खांबाखेरीज आपल्या मनातलेही काही सांगतात. महाराज सर्व ऐकतात. ओटा मागे जात नाही.